रकाना चाळीस : इतर

मोखोटलाँगच्या वर रस्ता जिथे माघार घेतो
तिथे तट्टू भाड्यानं घेतलं.
पिशवीत प्रश्नावली, चाळीस रकान्यांची,
आणि सात पेन्सिली,
कारण या थंडीत शाईचं काही खरं नसतं.
मासेरूच्या कार्यालयानं बजावलं होतं :
गरजा गोळा कर, गोष्टी नकोत.

रात्रशाळा म्हणजे मेंढ्यांसाठी बांधलेली दगडी खोली.
रॉकेलचा एक दिवा,
ब्लँकेटं पांघरून बसलेले चौदा गुराखी,
त्यातल्या नवांना मिसरूडही फुटलेलं नाही.
मामोलिएहीबाई म्हणाल्या, विचार, पण लवकर आटप.
पहाटे चारला यांना जनावरं सोडायचीत.

रकाना एक. उपकरण कोणतं?
लेहलोहोनोलोनं गमबुटातून फोन काढला,
काचेवर कोळ्याचं जाळं.
चार्जिंग? खालच्या दुकानात. पाच मालोटी. शनिवारी.
रकाना तीन. इंटरनेट दिवसाला किती तास?
त्या कड्यावर येतं, बकऱ्या तिकडे गेल्या तर.
म्हणजे किती तास?
ते बकऱ्यांना विचार.

मी लिहिलं : अनियमित.

रकाना अकरा. शिकून काय साधायचंय?
त्शेलिसो इतका वेळ गप्प होता.
छातीशी हात घालून त्यानं घडीवर घडी घातलेला कागद काढला.
वर्षभर राखण केली. ठरल्या होत्या बारा मेंढ्या.
मालक म्हणाला, तीन तू हरवल्यास,
दोन कोल्ह्यानं नेल्या, राहिल्या सात. कागदात सगळं आहे.
मी अंगठा दिला.
मला हा वाचायचाय.
बाकी तुम्हाला शिकवायचं ते शिकवा.

मी कागद दिव्याजवळ धरला.
त्यात कोल्हा नव्हता.
हरवलेलं काही नव्हतं.
तारीख कामावर लागल्या दिवसाची होती, आणि
ठरल्या मेंढ्या : सात.

मी तोंड उघडणार तोच तो म्हणाला,
सांगू नकोस.

मग सगळेच बोलायला लागले.
बटणं मोठी कर, गारठली की बोटं कुणाचं ऐकत नाहीत.
कुत्रं भुंकलं की धडा थांबला पाहिजे,
आणि परतल्यावर तिथूनच सुरू, पहिल्यापासून नको.
चुकलं तर लाल फुली नको,
लाल फुली आम्ही कापायच्या मेंढीवर मारतो.
पेन्सिलीला टोक करायलाही उसंत मिळेना.

आणि दिव्यापासून सगळ्यात लांब बसलेला रेलेबोहिले :
मी तीन दिवस आलो नाही तर?
प्रणाली नोंद घेईल, मी म्हणालो.
घेईल. पण येईल का?
जुलैच्या बर्फात बाई आल्या होत्या,
बॅटरी घेऊन, माझ्या नावानं ओरडत.

मी पानं उलटली, सुलटी केली.
शेवटी रकाना चाळीस, इतर. तिथे लिहिलं :
कुणीतरी शोधायला यावं.

मासेरूत भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लागल्या.
बटणं मोठी झाली. फुली गेली.
धडा कुत्र्यासाठी थांबायला शिकला,
हे खरंच झालं, नाही म्हणत नाही.
चाळिसाव्या चिठ्ठीपाशी गाडं अडलं.
कुणीतरी म्हणालं, हे म्हणजे स्मरणसंदेश,
गैरहजर विद्यार्थ्याला, आपोआप.
माना डोलल्या. मीही डोलावली.
संदेश मंगळवारी सुटतो.
फोन शनिवारी जागा होतो.

परवा प्रणालीच्या सराव-पेटीत एक आवाज आला.
अर्धा मिनिट नुसता वारा.
कुत्रं. पुन्हा वारा.
मग त्शेलिसो, बोटानं ओळ धरल्यासारखा,
अक्षरापुढे अक्षर ठेवत :
ठ… र… ल्या…
ठरल्या. में… ढ्या…
मेंढ्या.

तिथे रेंज गेली.